शंभरामागे दहा जास्त

५ सप्टेंबर

बाबा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता आणि ऐकलेलं काहीच नसतं. फरशी कापायच्या मशीननं तुमचे कान खाल्ले. आणि हा विषय ओरडून सांगितला तर वरच्या मजल्यावर जाऊबाईंना आधी कळेल, तुम्हाला नंतर.

खारूच्या शाळेतून चिठ्ठी आलीय. गणिताच्या बाईंची. चार ओळी, पण एकेक ओळ अशी की वाचून माझं डोकं फिरलं. तिच्या शाळेत पंधरवड्याचा गृहपाठ असतो. एका शुक्रवारी वीस गणितांचा छापील कागद देतात, दोन आठवड्यांनी परत घेतात आणि फायलीत लावून टाकतात. किती बरोबर, किती चूक, ते सहामाहीपर्यंत पालकांना दाखवतच नाहीत. तर बाई म्हणतात, आपल्या खारूचा गृहपाठ जवळजवळ सगळा चुकलाय. वर्गात तीच गणितं ती चुटकीसरशी सोडवते आणि घरून मात्र चुकीची करून आणते. "तरी हा गृहपाठ घरी नेमकं कोण करतं, याचा पालकांनी खुलासा करावा." खुलासा! म्हणजे मी चोर.

गृहपाठाचे तीस गुण आहेत. त्यातले पंधरा पडले नाहीत तर पोर पुन्हा सहावीत. आणि दुसऱ्या कुणी करून दिला असं सिद्ध झालं तर नक्कल केल्याचा शेरा, तो वेगळाच. वर्ष जाईल हो तिचं, बाबा!

मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मीच करते." आणि कंपासपेटी आवरायला लागली. माझी लेक स्वतःहून कधी काही आवरते का? तिथेच मला वास आला. दवाखान्याच्या लॉन्ड्रीत बारा वर्षं काढलीत मी, डाग बघून चादर कुठल्या वॉर्डातली ते सांगते. यात कुणाचा तरी हात आहे. मला जाऊबाईंचा संशय आहे. त्यांची मुलगी त्याच वर्गात आहे, आणि आपली पोर तिच्या पुढे असते हे त्यांना मुळीच सहन होत नाही. "ये गं, माझ्याकडे बसून कर अभ्यास," असं गोड बोलून चुकीचं शिकवत असतील.

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. नवीन मुख्याध्यापक आलेत, ते गृहपाठ ठेवायचा की बंद करायचा हे हात वर करून ठरवणार म्हणे. मी तर दोन्ही हात वर करणार. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

तुमची,
ठिणगी


१० सप्टेंबर

प्रिय ठिणगी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

आधी शांत हो. तुझ्या जाऊबाईंना मी ओळखतो, त्या बाईला स्वतःच्या पोरीचा अभ्यास घ्यायचा कंटाळा, ती तुझ्या पोरीचा कुठून घेणार? उगाच वर जाऊन भांडू नकोस. मला विचारशील तर त्या बाईंच्या तपासण्यातच काहीतरी घोळ असणार. पन्नास कागद समोर असले की डोळे जड होतात. खारूची गणितं चुकणं शक्यच नाही. बारा बाय दहाच्या खोलीचं गणित जी पोर इतक्या स्वच्छ रीतीनं मांडते, तिला कोण चूक म्हणेल? तू शाळेला सरळ लिही की कागद पुन्हा तपासा.

आणि पोरीला फार टोचून विचारू नकोस. घाबरेल.

पालकसभेचं म्हणशील तर मला वाटतं, गृहपाठ असावा. मुलांना सवय लागते. घरातल्या मोठ्यांनाही कळतं की पोर काय शिकतेय. एकदम बंद करून टाकणं बरं नाही. तू हात वर करायची घाई करू नकोस, नीट विचार कर.

माझी तब्येत ठीक. गुडघे तेवढे बोलतात. तुझा दादा कामावर असतो, त्याचं काम बरं चाललंय.

तुझा,
बाबा


१८ सप्टेंबर

बाबा,

एक गोष्ट आधी विचारते. बारा बाय दहाची खोली कुठून आली? मी माझ्या पत्रात कुठलंच गणित लिहिलं नव्हतं. मलाच माहीत नाही कुठली गणितं होती, कारण कागद फायलीत आहेत. मग तुम्हाला ती खोली कशी दिसली?

दुसरं. गृहपाठ असावा, असं तुम्ही लिहिलंत? तुम्ही? मी पाचवीत असताना तुम्ही कामावरून तसेच, हातात थापी, पायाला सिमेंट, माझ्या शाळेत आला होतात. सगळ्या वर्गासमोर आमच्या बाईंना म्हणालात, "दिवसभर काम करून मी संध्याकाळी फरशा घरी नेत नाही. मग माझी पोर दिवसभर शिकून वह्या घरी का आणते?" मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. नंतर वर्षभर मुली मला "थापी" म्हणायच्या. आणि आज तेच बाबा मला सांगतात, सवय लागते! काय झालंय तुम्हाला?

इकडे मी खारूचं दप्तर उपसलं. मला त्याची लाज वाटत नाही, आई आहे मी. कंपासपेटीत टोकयंत्राखाली बारा पोस्टाची तिकिटं निघाली. कोरी, सगळी एकसारखी. विचारलं तर म्हणते, जमवते. एकसारखी बारा तिकिटं कोण जमवतं? शनिवारी मी कामावर जातेय असं सांगून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात उभी राहिले. दहा मिनिटांनी बाईसाहेब खाली उतरल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि पोस्टाच्या पेटीत एक जाडजूड पाकीट टाकून उड्या मारत घरी. मी त्या पेटीत हात घालून बघितला. मनगटाच्या पुढे जात नाही. औषधवाल्यानं विचारलं, "काही पडलं का आत?"

अकरा वर्षांची पोर चोरून कुणाला पत्रं लिहिते, बाबा? जगात कसली कसली माणसं असतात. मला जेवण जात नाहीये. आमच्याकडे पोस्टमन दोन वाजता येतो, तेव्हा मी कामावर आणि ती एकटी घरी. काय येतं, काय जातं, मला काही पत्ता नाही.

म्हणून यापुढची पत्रं घरी पाठवू नका. लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर लिहिला आहे. घरात माझा कुणावरच भरवसा राहिलेला नाही.

ठिणगी


२४ सप्टेंबर

प्रिय ठिणगी,

बारा बाय दहाचं काय घेऊन बसलीस! गणिताच्या पुस्तकात खोली बारा बाय दहाचीच असते. माझ्या वेळी होती, तुझ्या वेळी होती. तशी खोली मला उभ्या आयुष्यात एकदाही भेटली नाही हे खरं. भिंती कधी काटकोनात नसतातच.

पाचवीतलं तुझ्या अजून लक्षात आहे म्हणजे कमाल आहे. माणूस तरुण असताना तावातावानं बोलतो. आता वय झालं. मत बदललं तर गुन्हा झाला का?

तिकिटांचंही तसंच. मुलं काहीही जमवतात. तू लहानपणी माझ्या कामावरून फुटक्या फरशांचे तुकडे आणून पलंगाखाली ठेवायचीस, तेव्हा तुझ्या आईनं तुझ्यामागे हेर लावले नव्हते. पाकिटात मैत्रिणीला चित्र पाठवलं असेल. पेटीत हात घालत जाऊ नकोस, लोक काय म्हणतील?

आता मी एक विचारतो. तू माझ्यावर इतके प्रश्न टाकतेस, मग एक माझाही घे. तुझी आई गेली त्याला दीड वर्ष होईल. दहाव्या दिवशी तू गेलीस ती परत आली नाहीस. दर वेळी म्हणतेस, सुट्टी मिळत नाही. मिळत नाही की घेत नाहीस? दवाखान्यातल्या चादरी धुवायला तू एकटीच आहेस का तिथे?

रागावू नकोस. सहज विचारलं.

बाबा


१२ ऑक्टोबर

बाबा,

अठरा दिवस मी लिहिलं नाही. रागानं लिहिलं नाही. आता त्याच्या दुप्पट रागानं लिहितेय.

सुट्टीचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. मिळत नाही म्हणजे मिळत नाही. सहा जणींचं काम चौघी करतोय. तुम्हाला घरी बसून कळायचं नाही. पुन्हा विचारू नका.

आता मुद्द्याचं. काल मी शाळेत गेले. बाई माझ्यापेक्षा लहान आहेत, पण नजर अशी की मीच वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. त्यांनी फाईल काढली आणि सहा कागद माझ्यासमोर ठेवले. सहाही कागदांखाली माझी सही. बाबा, मी कामावरून आल्या आल्या, चपलासुद्धा न काढता, न वाचता सह्या केल्या होत्या. ते बघून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग मी गणितं बघितली. बारा फूट बाय दहा फूट खोली, एक फुटाच्या फरशा किती लागतील? उत्तर एकशे बत्तीस. तीनशे मीटरचं कुंपण, तार किती? तीनशे तीस. हॉलला चाळीस लिटर रंग पुरायला हवा, तिथे चव्वेचाळीस. पन्नास रोपांच्या जागी पंचावन्न. आणि मैदानाला तीन फेऱ्या मारल्या तर किती अंतर, याचं उत्तर सहाशे, अगदी बरोबर. बाई म्हणाल्या, "मला काही उलगडाच होत नाही. कुठल्या तरी चुकीच्या पुस्तकातून उतरवलंय की काय?"

मला उलगडलं. जे विकत आणायचं ते दहाव्या हिश्शानं जास्त. जे नुसतं चालायचं ते बरोबर. या जगात असा हिशेब करणारा एकच माणूस मला माहीत आहे. मी त्याच्याच घरात वाढले. फरशी कापताना तुटते, कोपऱ्यात वाया जाते, शंभरामागे दहा जास्त मागव, गिऱ्हाईकाला अर्ध्यात सोडू नकोस. जेवताना, झोपताना हेच ऐकलं मी. आईनं लाडू केले तरी तुम्ही म्हणायचात, दहा जास्त कर.

तर मैत्रिणीला चित्र पाठवलं असेल, नाही का? आणि तिकिटं कोण पाठवत होतं? मी इथे कुठल्या नराधमाच्या शोधात औषधाच्या दुकानात लपले होते, आणि नराधम कोण, तर माझे तीर्थरूप! दोन दोन पत्रांत तुम्ही मला सरळ सरळ बनवलंत. मी जाऊबाईंशी महिनाभर बोलले नाही तुमच्यापायी.

बाईंना मी काही सांगितलं नाही. सांगितलं तर नक्कल ठरते, नाही सांगितलं तर नापास. एकशेवीसपैकी बारा बरोबर आहेत, बाबा. तीसमधले तीन गुण. एकच वाट उरलीय. पंचवीस तारखेच्या सभेत गृहपाठ बंद करायचं ठरलं तर त्याचे गुणही रद्द होणार आणि ते तीस गुण वर्गातल्या चाचण्यांवरून देणार. वर्गात ती पहिली येते.

काय सांगायचंय ते सांगा. आणि यावेळी खरं सांगा.

ठिणगी


१६ ऑक्टोबर

प्रिय ठिणगी,

खरं सांगतो.

जुलैत खारूचं पत्र आलं. "आजोबा, फरशांचं गणित आहे, तुम्हाला येतं का?" मला येतं का! मी तुला खोटं नाही सांगत, तो कागद हातात घेऊन मी उभाच राहिलो. चाळीस वर्षं लोक मला विचारत होते. किती फरशा, किती सिमेंट, उतार कुठे काढू, पाणी कुठून जाईल. गुडघे गेले आणि सगळं बंद झालं. तुझा दादा चांगला मुलगा आहे, पण खोलीचं माप तो मोबाइलनं घेतो. भिंतीकडे मोबाइल धरतो आणि आकडा येतो. एकदा मी म्हटलं, ओळंबा लावून बघ रे, ती भिंत कललीय. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आराम करा." तुझी आई होती तोवर निदान ती विचारायची, मीठ बरोबर झालंय का. आता दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. पोस्टमन तेवढा विचारतो, सही करता येते ना.

म्हणून मी ते गणित सोडवून पाठवलं. मग तिनं वीसच्या वीस पाठवली. मी वेगळ्या कागदावर रीत लिहायचो, ती आपल्या अक्षरात उतरवायची. चूक होती, मला कळत होतं. पण दर दुसऱ्या मंगळवारी पाकीट यायचं आणि मी सोमवारपासून दाढी करून बसायचो.

ठिणगे, एक गोष्ट मात्र मला खरंच माहीत नव्हती. गणितं चुकली हे. दर वेळी तिची चिठ्ठी यायची, "आजोबा, सगळी बरोबर! बाई खूश!" सहाही चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, त्या बाईच लबाडी करतायत. मी त्यांच्यावर संशय घेतला. एकशे बत्तीस हे उत्तर चूक आहे हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा मी कागद घेऊन परत करून बघितलं. बारा दाहे एकशेवीस. पुस्तकातल्या खोलीत फरशी तुटत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इतकी साधी गोष्ट.

पोरीला कळत होतं. वर्गात ती बरोबर सोडवत होती, म्हणजे तिला सगळं कळत होतं. मग तिनं माझी उत्तरं का उतरवली? ते तिला विचार. मला अंदाज आहे, आणि तो अंदाज खरा असेल तर मला फार लाज वाटते.

मी त्या बाईंना पत्र लिहिणार होतो. लिहून फाडलं, कारण शेरा पोरीच्या नावावर बसेल. तेव्हा सभेला जा आणि हात वर कर. गृहपाठ बंद होऊ दे. तो चालू राहावा असं मी लिहिलं होतं ते पोरीच्या भल्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं. ते मी मागे घेतो.

तुझा,
बाबा


२७ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र लॉन्ड्रीत, चादरींच्या ढिगाआड बसून वाचलं. रडले. सुपरवायझर बाईंना वाटलं साबणाची वाफ गेली डोळ्यात.

सभा झाली. मी ठरवून गेले होते, तरी तिथे बसल्यावर माझी चलबिचल झाली. एक पाववाला उठला. म्हणाला, मी पहाटे भट्टीवर जातो, मुलगा शाळेतून येतो तेव्हा झोपलेलो असतो. गृहपाठाला बसतो तेवढंच आमचं बोलणं. ते काढून घेऊ नका. दुसरी एक बाई म्हणाली, माझ्या घरात तीन पोरं आणि एक टेबल, कोण कुठे करणार? मग आपल्या गणिताच्या बाई उठल्या. मला वाटलं, आता भाषण देणार. त्या एवढंच म्हणाल्या, "वर्गात एकेका मुलाला माझं एक मिनिट येतं. घरून आलेला कागद बघते तेव्हा तो एकटा माझ्यासमोर असतो. मला तेवढी दहा मिनिटं हवी आहेत." मी त्यांच्यावर किती चिडले होते.

हात मोजले. बंद करायच्या बाजूनं एकसष्ट, ठेवायच्या बाजूनं एकोणसाठ. मी हात वर केला, बाबा. तुमचा मंगळवार डोळ्यासमोर होता आणि तरी केला. जाऊबाईंनीही केला. त्यांनी का केला असेल, त्यात काय डाव आहे, ते मी शोधतेच आहे.

खारू सुटली. चाचण्यांवरून गुण मिळणार, सातवीत जाणार.

घरी येऊन मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, मला सगळं माहीत आहे.  मग मी विचारलं, तुला बरोबर उत्तर येत होतं ना? तर म्हणाली, "पहिल्याच वेळी बाईंनी विचारलं, एकशे बत्तीस कसे आले? मला कळलं की आजोबांनी तुटफूट धरलीय." मग सांगायचं नाही का त्यांना? "सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं की आता आपल्याला येत नाही. मग त्यांनी पुढचं घेतलंच नसतं." आणि उत्तरं तू बदलून का नाही लिहिलीस गं, तुला कोण बघत होतं? त्यावर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी वाईट सुचवतेय. "आजोबांनी इतकी मेहनत करून पाठवलेलं मी खोडू?"

बाबा, सहा वेळा. सहा वेळा ती पोर जाणूनबुजून चुकली, आणि वर्ष जाईल हे तिला माहीत होतं. मी इथे तिच्या शेजारी झोपते आणि मला काही कळलं नाही. मी फक्त डाग शोधत होते.

तिनं माझ्याकडून दोन वचनं घेतली. गणितं चुकली हे आजोबांना सांगायचं नाही. गृहपाठ बंद झाला हेही सांगायचं नाही. मी वचन दिलं आणि आता तुम्हाला लिहितेय. म्हणजे आपल्या घरात खरं बोलणारं आता कुणीच उरलं नाही. तुम्हाला यातलं काही माहीत आहे हे तिला कळू देऊ नका, एवढं करा.

तुमची,
ठिणगी


१२ नोव्हेंबर

प्रिय ठिणगी,

पोर पास होणार हे वाचून हायसं वाटलं. बाकी जे तिनं सांगितलं त्यावर मी काय लिहू? दोन दिवस नुसता लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

पण आज तुला लिहितोय ते एका संशयास्पद प्रकरणाबद्दल. तू अशा कामात तरबेज आहेस.

मंगळवारी पोस्टमन आला आणि पाकीट दिलं. जाडजूड, नेहमीसारखं. मी म्हटलं, शाळेनं निर्णय फिरवला की काय? उघडलं. वीस गणितांचा कागद, वर शाळेचं नाव. पण छापील नाही. स्केचपेननं काढलेलं, खाली पट्टीनं दोन रेघा, कोपऱ्यात शिक्का म्हणून बाटलीच्या झाकणाचा गोल. शेवटी लिहिलंय, "हुकुमावरून." सोबत चिठ्ठी. "आजोबा, यावेळी बाईंनी उशिरा दिला. लवकर करा."

गणितं ओळीनं खोल्यांची आणि अंगणांची आहेत. पुस्तकात अशी नसतात. एका स्वयंपाकघराला तीनच भिंती आहेत. एका जिन्याला पायऱ्या सत्तावीस आणि वर दारच नाही. मी एकोणीस सोडवली. तुटफूट न धरता, फार जपून. दोन वेळा पडताळून पाहिली. यावेळी चुकायचं नाही असं ठरवलं होतं.

विसावं मात्र मला सुटेना. ते जसंच्या तसं उतरवून पाठवतो.

"एका मुलीच्या आजोबांचं घर आगगाडीनं सहा तासांवर आहे. मुलीच्या आईला सुट्टी मिळत नाही. दीड वर्षात आई शून्य वेळा आजोबांकडे गेली. तर मुलीला आजोबांकडे पोचायला किती वर्षं लागतील? रीत दाखवा."

ठिणगे, मी पुष्कळ खटपट केली. कुठल्याही बाजूनं भागलं तरी उत्तर येत नाही. हे गणित माझ्या वाट्याचं नाही, म्हणून तुझ्याकडे पाठवतो. मी बाकीचा कागद शुक्रवारपर्यंत रोखून धरतो. तिला काही बोलू नकोस.

तुझा,
बाबा


१६ नोव्हेंबर

बाबा,

विसावं गणित मी केलं. उत्तर: येत्या शनिवारी, पहिल्या गाडीनं, दुपारी एकच्या सुमारास. पाच दिवस राहू. स्टेशनवर येऊ नका, जिने आहेत. खारूला आज संध्याकाळी सांगते.

रीत विचारली आहे म्हणून लिहिते. सकाळी सुपरवायझर बाईंकडे गेले, सुट्टी मागितली. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावाखाली बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "घे की. तुझी तर कितीतरी शिल्लक आहे. आईला जाऊन दीड वर्ष झालं, मला वाटलं होतं तू तेव्हाच मागशील." लगेच सही केली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

बाबा, मी आजवर एकदाही मागितली नव्हती. तुम्ही दार उघडाल आणि तुमच्या मागे आई उभी नसेल, ते बघायचं धाडस मला होत नव्हतं.

ठिणगी